पुलाच्या पोटातलं बघणारी

फोन नीट कानाशी धर गं, नुसतं हं हं करू नकोस. तुझ्या मामांनी गवंडी असताना इंदुरीच्या ओढ्यावर बांधलेला पूल पाडायचा की ठेवायचा, ते तपासायला तळेगावहून एक पोरगी येते. बाळाच्या गाडीसारखं रडारचं यंत्र पुलावरून ढकलत चालते. कुणाशी बोलत नाही, खडूनं खुणा करते आणि दर फेरीला स्वतःशीच ‘बरं’ म्हणते. पुलाच्या पोटातलं तिला दिसतं म्हणे.

तुझ्या मामांचं जेवण तुटलं होतं. ‘काय न्हाई होत तुमच्या पुलाला,’ मी रोज सांगायची. ते भाकरी कुस्करून उठायचे.

काल ती आपल्या साहेबाला सांगायच्या आधी यांच्याकडं आली. मातीतच बसली आणि यांचं बोट धरून यंत्राच्या पडद्यावर फिरवलं. ‘आबा, सळया सगळ्या जागेवर आहेत. आत पोकळ कुठंच नाही. पूल ठेवा, असंच मी लिहिणार.’

‘व्हय?’ म्हणून हे असे हसले गं! घरी येऊन पोटभर जेवले. ‘मी काय येगळं सांगत होते?’ म्हटलं, तर म्हणतात, ‘तुला कुटं आतलं दिसतंय?’

लवकर ये बाई. त्या पोरीत एखादी खोट शोधायला सोबत पाहिजे. मला एकटीला सापडत नाही.