पाकळीचा ल

"थे पाह्य, 'ल' पाह्य!" सर छापलेला कागद हातभर लांब धरायचे, एक डोळा मिटायचे, आणि मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. वाशीमला कोर्टासमोर माझं टायपिंग-छपाईचं दुकान. पोट भरतं प्रतिज्ञापत्रांवर आणि लग्नपत्रिकांवर. अक्षराच्या तब्येतीची चौकशी करणारं गिऱ्हाईक हे एकच.

सर केनवडचे, रिटायर मास्तर. आईचं बोलणं त्यांनी तिच्याच वऱ्हाडीत लिहून काढलं होतं. म्हातारी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात उशिरा वाचायला शिकलेली, आणि आता काचबिंदूनं नजर चाललेली. नजर पुरती जायच्या आत तिनं आपलं पुस्तक स्वतः वाचावं, एवढाच सरांचा हट्ट.

मी दोन टाइप, म्हणजे अक्षरांची वळणं, काढून दाखवले. दोन्ही पुस्तकी, जाड-बारीक रेघांचे. मला विचाराल तर सख्खे भाऊ. एकात ल पाकळीचा, मराठी वळणाचा, म्हातारी शिकली तसा, पण रेघा इतक्या नाजूक की तिला दिसेनात. दुसरा ठसठशीत, पण त्याचा ल हिंदीसारखा दांडीचा. आणि आमच्या वऱ्हाडीत तर पावलोपावली मले, तुले, त्याले! दर ल पाशी म्हातारी अडायची.

"मंग ठसठशीतच घ्या नं, सर."

"माय माही परक्या अक्षरात बोलन काय?"

"तं नाजूकवाला घ्या."

"थो तिले दिसन काय? काहून घाई करून राह्यला तू?"

घाई म्हणे मला! नजर फार दिवस टिकायची नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं, तरी हा माणूस दर मंगळवारी एसटीनं यायचा, नवे नमुने न्यायचा, आईला दाखवून परत आणायचा. तिचं मत विचारलं तर ती म्हणे, "दोनीत मीच बोलून राह्यली नं बाप्पा! छाप कोनतंही." सरांनी ते मत नापास केलं. मास्तरच ते.

शेवटी पाकळीचाच ल ठरला, जरा मोठा, जरा जाड करून. इतकी सोपी गोष्ट सुचायला पावसाळा जाऊन हिवाळा का लागावा, तुम्हीच सांगा.

पहिली प्रत द्यायला मी स्वतः केनवडला गेलो. म्हातारीनं पान उघडलं, बोट फिरवलं, चेहरा वर केला.

"कागद तं गुळगुळीत हाय रे. अक्षरं कुठी हायेत?"

 सर पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचू लागले. "माह्या मायनं मले शाळेत नाई धाडलं..." आणि तिथंच थांबून चष्मा पुसू लागले. 

"दम खाय जरा," म्हातारी म्हणाली, आणि पुढचं तिनंच सांगून टाकलं, "मनून मी तुले धाडलं."