आजोबांचा मागे येणारा पाय

टोकियोतल्या ओजिमात राहणारे आम्ही पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले रविवारी नदीकाठच्या मैदानावर फुटबॉल खेळायचो. एका रविवारी मी बॉल काढायला घसरत गेलो आणि माझा बूट समोरच्याच्या नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "अपघात होता रे," असंच सगळे म्हणाले. पण बॉल निघून गेलाय, हे मला पाय टाकण्याआधीच दिसलं होतं.

तो आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहायचा. हॉस्पिटलमधून घरी आला तरी मी भेटायला गेलो नाही. लिफ्टमध्ये त्याची बायको भेटेल म्हणून जिन्याने उतरायचो.

ऑफिसात माझ्या शेजारी पन्नाशीचा एक स्कॉटिश गृहस्थ बसायचा. एकदा जेवताना त्याला हे सगळं सांगून टाकलं. तो आपल्या आजोबांबद्दल बोलू लागला. शंभरेक वर्षांपूर्वी ते कोळशाच्या खाणीतून थेट व्यावसायिक क्लबात गेले. बचावाला खेळायचे. त्यांच्या धडकेवर प्रेक्षक खूश असायचे. एका सामन्यात त्याच धडकेनं समोरच्या खेळाडूचा पाय मोडला आणि त्याचा खेळ कायमचा संपला. आजोबा खेळत राहिले, पण कुणाच्या अंगावर जायची वेळ आली की त्यांचा पाय आपोआप मागे यायचा. क्लबानं आधी राखीव संघात टाकलं, मग सोडून दिलं. ते पुन्हा खाणीत गेले.

"त्या माणसाला भेटले का कधी?"

"नाही. तो शेजारच्याच गावात राहायचा. म्हातारपणीसुद्धा त्या गावाचं नाव निघालं की आजोबा उठून बाहेर जायचे."

त्याच संध्याकाळी मी वर गेलो. तो प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडला होता.

"बॉल गेला होता," मी म्हणालो. "मला दिसलं होतं."

"मलाही दिसलं होतं," तो म्हणाला. "राग आहेच. पण बस."

वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भावजी, उद्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा वार आहे. खाली न्याल?"

नेला. प्लास्टर निघेपर्यंत मीच नेत होतो.

पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही, ती मंडळी पुण्याला परतली. पायामुळे का, हे त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. विमानतळावर सोडायला गेलो, तेव्हा त्यांच्या दोन मोठ्या बॅगा मी ओढत होतो. तो पुढे चालला होता, पण किंचित लंगडत; बॅगा ओढतानाही त्याला गाठायला मला वेग वाढवावा लागला नाही.