अठरा बोटे वात

त्या विहिरीचा विषय निघाला की आजही मी बोलणे दुसरीकडे वळवतो. इंग्रजी अमदानीत मी मंगरूळपीर भागात फौजदार होतो. आसेगावच्या बाजूला एका खेड्यात गावाच्या पाण्यासाठी विहीर खोदणे चालू होते. खाली काळा खडक लागला, म्हणून सुरुंग लावत होते. सुरुंगाची वात बोटांच्या रुंदीने मोजून कापत; ती जितकी लांब, तितका पेटवणाऱ्याला पळायला वेळ.

एका दुपारी तिथला पोलीस पाटील घोडा दामटत ठाण्यात आला. सुरुंग वेळेआधी उडाला होता. वात पेटवून वर चढणाऱ्या माणसाचे हात काठाला लागले होते, तेवढ्यात स्फोट झाला आणि तो खाली कोसळून मेला. वात कापून दिली होती त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने. पाटील आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब, दोघा भावाईचं वावराच्या वाटनीवरून भांडन चालू व्हतं. त्यानं वात मुद्दाम आखूड कापली."

मी पंचनामा केला, प्रेत तपासणीला पाठवले. मयताच्या बायकोनेही जबाबात भांडण सांगितले. कामावरचा ओव्हरसियर म्हणाला, "मी तीस बोटे वात सांगितली होती." मी धाकट्याला अटक केली. तो सातवी पास होता.

"किती कापलीस?"

"अठरा बोटं."

"ओव्हरसियर तीस म्हणतो."

"नाई सायेब, अठराच येतात."

मी त्याच्या थोबाडीत दिली. गाल धरून तो रडू लागला. "मारा, सायेब. पन अठराच येतात."

दुसऱ्या दिवशी रोजनामा लिहिताना तो शब्द माझ्या कानात परत वाजला. खोटे बोलणारा म्हणतो, 'अठरा सांगितली होती'. हा म्हणत होता, 'येतात'. मी त्याच्या झडतीची यादी काढली. हवालदाराने लिहिले होते, 'आकडे लिहिलेला कागदाचा तुकडा, एक.' तो तुकडा मी उघडूनही पाहिला नव्हता. त्यावर लिहिले होते: ६ + ४ × ३ बोटे.

ओव्हरसियरला बोलावले. एरवी तो वात स्वतः कापून देई. त्या दिवशी जऊळका स्टेशनवर गाडी पकडायची होती म्हणून धाकट्याकडे हीच चिठ्ठी ठेवून गेला होता. तो समजावू लागला, "विहीर सहा पुरुष खोल, म्हणजे सहा उभ्या माणसांएवढी. चढायला सहा पुरुष, वर आडोशाला पळायला आणखी चार धरले, झाले दहा. दर पुरुषाला तीन बोटे वात. तीस!"

मी शाळेतून हेडमास्तरांना बोलावले आणि काही न सांगता कागद पुढे केला. "अठरा," ते लगेच म्हणाले. "आधी गुणाकार, मग बेरीज. चार त्रिक बारा आणि सहा अठरा."

ओव्हरसियरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने ६ + ४ भोवती बोटाने कंस काढून पाहिला; चिठ्ठीत तो कंस नव्हता. बरोबर उत्तराबद्दल मी एका माणसाला मारले होते.

धाकट्याला सोडले तेव्हा त्याची भावजय ठाण्याच्या ओट्यावर बसलेली होती. तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "वयनी, म्या गनित बरोबर केलं व्हतं."

ती वर बघून म्हणाली, "बरोबर केलं, त मंग माहा मानूस काहून मेला?"

तो तिच्या पायाशी बसला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे एकाच बैलगाडीतून गावाकडे गेले.

मी अपघाती मृत्यूचा अहवाल पाठवला. ओव्हरसियरवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. पुढे त्याने ते काम सोडल्याचे कळले. धाकट्याची माफी मात्र मी मागितली नाही. फौजदाराने माफी मागायची तेव्हा रीत नव्हती, आणि रीत मोडण्याएवढी हिंमत माझ्यात नव्हती.

तोवर माझा पक्का समज होता की दोन जबाब जुळले नाहीत तर एक जण नक्की खोटा. त्या प्रकरणात दोघेही खरे बोलत होते, आणि माणूस मेला होता.