काचेवरचा न दिसणारा थर

शेजारणी विचारतात, "झाडू-पुसणीच्या कामात सांगण्यासारखं काय असतं गं?" काय नसतं! लॅबमधले किस्से कोळ्याच्या जाळ्यासारखे. आज झाडले तरी उद्या नवीन लागलेलेच.

मारुंजीत बिल्डिंगी नुकत्या उठत होत्या, तेव्हा तिथल्या एका बंगल्यात आमची लॅब. काचेच्या तुकड्यावर प्लास्टिकसारखा पातळ थर द्यायचा आणि त्यावर ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारं बारीक बटणच, बनवायचं. पहिल्याच दिवशी सरांनी एक तुकडा पुढे धरला. "हा बघा थर."

"दिसत तर काय न्हाई, सर!"

"दिसला तर बिघडला समजायचं!"

*

एकदा धुतलेल्या काचा पुसताना हातमोजा घालायचा राहिला. घरून सईला, माझ्या तान्ह्या लेकीला, काजळाची तीट लावून आलेले. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात काळा ठिपका! सर भडकले. मी म्हटलं, "आता नजर तरी न्हाई लागायची!"

सगळ्या काचा फेकल्या. एक चुकून राहिली. त्या आठवड्यात तेवढीच नीट चालली.

*

एक ट्रान्झिस्टर रात्री बंद केला, सकाळी बघतात तर चालूच! सरांच्या जोडीला काम करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "थरात वीज अडकून बसते. कालचं विसरत नाही. म्हणून तर नवीन थर शोधतोय."

घरी सासूबाईंना सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मेलेली मान्सं तरी कुटं घर सोडत्यात!"

*

सईची छाती सारखी भरायची. मला वाटायचं, लॅबमधल्या रसायनांचा वास मीच घरी नेते. आंघोळ केल्याशिवाय तिला घेत नसे. सासूबाई म्हणायच्या, "सोवळं पाळतीस का सुतक?"

शेवटी मॅडमना विचारलं. "काही होत नाही हो, वास मशीन ओढून घेतं."

मॅडमना तेव्हा दिवस गेलेले. मी म्हटलं, "मग तुमी का थराच्या खोलीत जात न्हाई आता?"



*

एकदा सासूबाई ताम्हिणीला नणंदेकडे गेल्या. सईला लॅबवर आणावं लागलं. बाहेरच्या खोलीत, वासापासून लांब, गोधडीवर निजवलं आणि दार ओढून घेतलं.

आत मॅडम नवीन थराचा ट्रान्झिस्टर बंद डब्यात ठेवून तपासत होत्या. कॉम्प्युटरवर त्याच्या विजेची रेघ हळूहळू वर जायची, खाली यायची. परत वर, परत खाली.

"ही सरळ पाहिजे, सुनीताताई. डबा बंद आहे, आत हवासुद्धा कोरडी. मग हलतेय कशानं?" त्यांनी वायर बदलली. तरी तसंच. मी फडकं हातात धरून बघत राहिले. सई निजली की अशी लय रोज रात्री माझ्या कुशीत असते.

तेवढ्यात रेघ सपाट झाली.

"चला, थांबली एकदाची!" मॅडम म्हणाल्या.

मी फडकं टाकून पळाले. गोधडी सईच्या तोंडावर आलेली, ओठ निळे पडलेले. उचललं, पालथी घातली, पाठीवर थापट्या मारल्या. एक नाही, दोन नाही... मग एकदम टाहो फोडला पोरीनं!

आणि बंद दाराआडून मॅडमची हाक आली, "सुनीताताई, या ना लवकर! परत हलायला लागली!"