दौलतभाऊंचं लाल पाणी

दौलतभाऊंनी उभ्या नोकरीत कुणाचा एक पैसा खाल्ला नाही. ते फक्त प्यायले.

आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाची मोजणी त्यांच्याकडे होती. एकदा एका ठेकेदाराने कागदात गुंडाळलेल्या नोटा पुढे केल्या, तेव्हा दौलतभाऊ असे भडकले की लाकडांच्या थप्पीवरची माकडं पळाली. "मले काय समजला तू? मी इमानदार मानूस आहो!" ओरडून ओरडून घसा कोरडा पडला. घाबरलेल्या ठेकेदाराने समोरच्या करीमभाईंच्या दुकानातून लाल रासबेरीच्या गोटी-सोड्याची बाटली मागवली. बाटलीची गोटी फट्कन आत गेली आणि दौलतभाऊ शांत झाले. "पान्याले नाई म्हनू नये," असं म्हणून त्यांनी ती एका दमात संपवली. त्या दिवशी सगळ्या ठेकेदारांना वाट सापडली.

मी तेव्हा डेपोत नवा कारकून होतो. पोटात रासबेरी गेली की दौलतभाऊंच्या टेपखाली लाकडं जरा बारीक होतात, असं लोक म्हणत. मी काही पाहिलं नाही. माझं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. मी एवढंच पाहिलं, की दुपारपर्यंत त्यांच्या मिशीला लाल किनार आलेली असे आणि साहेबांसमोर ते छातीवर हात ठेवून सांगत, "या डेपोत मी फकस्त पानी पेलो."

पुढे त्यांना तहान फार लागू लागली. तहान लागते म्हणून रासबेरी, आणि रासबेरी प्यायली की पुन्हा तहान. माणूस मात्र वाळत चालला. घरामागे ते लघवीला बसत तिथे मुंग्यांची रीघ लागलेली वहिनींनी पाहिली. पार्वतीवहिनी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्यांनी नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. सोबत मलाही घेतलं.

डॉक्टर नागपूरला शिकून आलेले, तरुण आणि तापट. त्यांनी काचेच्या नळीत लघवी आणि निळं औषध घालून दिव्यावर उकळलं. निळ्याचं विटेसारखं लाल झालं.

"पाहा नं," दौलतभाऊ कौतुकाने म्हणाले, "अंदरून बी रासबेरीच!"

"ही साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "गोड किती खाता?"

"खातच नाई. लग्नात बी लाडू सोडतो मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. वहिनींनी नवऱ्याच्या पिशवीत सापडलेली रासबेरीची बाटली पदराखालून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती पातेल्यात ओतली आणि स्टोव्हवर ठेवून आटवत बसले. पाणी उडून गेलं. तळाशी लाल, चिकट पाक उरला. चमचा उभा राहील असा.

"हे पिता तुम्ही. एका घोटात. आता चाखा."

दौलतभाऊंनी बोट बुडवून चाखलं. बराच वेळ विचार केला. "बापरे! काकवीच आहे हे. डॉक्टरसाब, तुमाले वचन देतो, हा पाक मी जल्मात खानार नाई." आणि ते वचन त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. आटवलेली रासबेरी त्यांनी कधीही तोंडाला लावली नाही.

उलट त्यांनी उपास धरले. गोड कमी करा म्हणता, मी अन्नच कमी करतो! आधी सोमवार, मग शनिवार, एकादशी, चतुर्थी. उपासाला पाणी चालतंच, आणि रासबेरी हे पाणी. तब्येत आणखी उतरली तेव्हा त्यांचा निष्कर्ष तयार होता: "उपास कमी पडून राह्यले." त्यांनी गुरुवारही धरला.

वहिनी रोज संध्याकाळी त्यांना दारातच अडवत. "अजी, जीभ दाखवा." डेपोवर ज्यांचा शब्द चाले ते दौलतभाऊ, पायरीवर उभे राहून शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढत. लाल असली की वहिनी त्या रात्री बोलत नसत. चार दिवस जीभ स्वच्छ निघाली. वहिनींनी हनुमंताला नारळ फोडला. पाचव्या दिवशी वहिनींना कळलं, की दौलतभाऊ आता रासबेरीऐवजी पांढरी लेमन पितात. मी जाऊन सांगितलं नव्हतं. घरामागच्या मुंग्या हटल्या नव्हत्या, एवढंच.

मग डेपोत लाकडाच्या सालीची एक फास कुसळासारखी पायात घुसली. बारीकशी. ती जखम भरलीच नाही. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "मोजनीत कितीनं घटलो रे मी?" मला हसू आलं नाही. इतकी वर्षं हसत होतो, पण तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

घरी आणलं, तोवर डोळेही अंधुक झाले होते. डेपोत मोजणीला नवा माणूस आला आणि बाटल्या त्याच्याकडे वळल्या. एकही ठेकेदार दौलतभाऊंच्या दाराशी आला नाही. ते मात्र बाहेर चपला वाजल्या की मान उचलत.

डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, आता काय मागतील ते द्या. त्या दुपारी वहिनी पहिल्यांदा करीमभाईंच्या दुकानाची पायरी चढल्या. बाटली घेऊन आल्या. मी खाटेजवळ बसलो होतो. गोटी फट्कन वाजली आणि दौलतभाऊंचा चेहरा उजळला.

"कोनं पाठवली?"

वहिनींनी एखाद्या ठेकेदाराचं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्या बाईला खोटं बोलता येत नव्हतं.

"कोनं नाई. मीच इकत आनली."

दौलतभाऊंनी ओठाशी आलेली बाटली हाताने दूर सारली. "इकत? येडी का खुळी तू? साखरेच्या पान्याले पैसे देते काय कोनी?"

इतक्या वर्षांत रासबेरीसाठी ‘साखर’ हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या खाली बसल्या आणि ती बाटली त्यांनी स्वतः प्यायली. सगळी, घोट घोट, न थांबता. आयुष्यात पहिल्यांदा.

दौलतभाऊ आवाज ऐकत होते. बाटली रिकामी झाली तेव्हा त्यांनी वहिनींच्या दिशेने हात पुढे केला आणि दटावल्यासारखं म्हणाले, "दाखव जीभ."

वहिनींनी काढून दाखवली. ते डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले, पण त्यांना काही दिसलं नसावं.

"लाल झाली काय रे?" त्यांनी मला विचारलं.