इनक्युबेटरमधले फुगे

इनक्युबेटरचं दार उघडलं आणि आतून पीठच बाहेर आलं.

पीठ माझंच होतं. वसईच्या सातिवलीतल्या आमच्या युनिटमध्ये मी प्रॉडक्शन मॅनेजर. विद्यापीठाच्या प्राजक्ता मॅडमनी यीस्टची जनुकं अशी बदलली होती, की ते साखर खाऊन केळ्याचा वास तयार करेल. याला सिंथेटिक बायॉलॉजी म्हणतात. आमचं काम एवढंच, की फ्लास्कमधलं ते विरजण मोठ्या टाकीत लावायचं. ट्रायल त्याच दिवशी. वास आला तर विद्यापीठाशी करार. नाही आला तर मॅडम दुसरी कंपनी बघणार, आणि ऑर्डरी आटलेल्या आमच्या युनिटला कुलूप.

मॅडमना वसईचे फुगे खायचे होते. ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. आमच्याकडे लग्नात लागतातच. पण एसीत पीठ फुगेना. इनक्युबेटर म्हणजे शेवटी उबदार कपाटच. मी हुशार माणूस. पातेलं वरच्या कप्प्यात सारलं. खालच्या कप्प्यात फ्लास्क होते.

पीठ उतू जाऊन फ्लास्कच्या कापसाच्या बुचांवर बसलं होतं.

"सायमन, हे काय?" आमचे मालक, भोईरसाहेब.

"फुगे, साहेब."

"लग्न आहे का कोणाचं?" मग हळूच, "वरून पुसून घे नि सोड टाकीत. कोणाला कळतंय?"

मी फडका घेतलाही. तेवढ्यात मॅडम दारात. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मॅडम, विरजण गेलं. माझं ताडीचं पीठ सांडलं त्यावर."

भोईरसाहेब पंखा बघू लागले.

मॅडमनी बुचं पाहिली. "टाकीत नाही ना घातलंत?"

"नाही."

"मग वाचलो. ताडीतलं रानटी यीस्ट माझ्या यीस्टला साखर शिवूही देत नाही. वास आला नसता, आणि मी माझ्याच यीस्टला नापास करून प्रोजेक्ट बंद केला असता."

बदललेले जीव असेच फेकता येत नाहीत. फ्लास्कसोबत माझं पीठही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या मोठ्या कुकरमध्ये, शिजवून मारलं. इतकं सुंदर फुगलं होतं!

मॅडमनी नवं विरजण आणलं. पुढच्या आठवड्यात अख्ख्या गाळ्यात राजेळी केळ्यांचा घमघमाट सुटला. करार झाला. त्यात एक कलम जास्तीचं आहे: 'इनक्युबेटरमध्ये खाद्यपदार्थ, विशेषतः फुगे, ठेवू नयेत.'

सिंथेटिक बायॉलॉजीत माझं योगदान एवढंच. पण लेखी आहे.