सुनंदाताई बोलल्या

विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर आम्हा संशोधन कर्मचाऱ्यांतून एक प्रतिनिधी निवडायचा होता. वीज गेली की प्रयोगशाळेतले नमुने नासतात, जनरेटर हवा, हे तिथे कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही सुनंदाताईंना निवडून दिलं. त्या इतक्या बुजऱ्या, की मतं मागायला आल्या आणि चहा पिऊन तशाच परत गेल्या.

पहिल्या बैठकीहून त्या हाताची धूळ झटकत आल्या.

“बोललात का?” मी विचारलं.

“अगं, तिथला प्रोजेक्टर बंद पडला. मी प्रयोगशाळेतली, म्हणून सगळे माझ्याकडेच बघायला लागले. उठून चालू करून दिला.”

“मग?”

“मग काय, उभीच होते, बोलून टाकलं.”

धीर बहुतेक सगळ्यांकडेच असतो; खुर्चीतून उठायला तेवढं निमित्त लागतं.

जनरेटर मंजूर झाला. पुढच्या बैठकीला ताईंना जरा लवकर बोलावलंय, प्रोजेक्टर लावायला.